गूगलला एक पान, गिऱ्हाइकाला दुसरं: क्लोकिंगच्या नादाला का लागू नये



मागच्या व्हिडिओत आपण वेबसाइट उभी करायला काय काय लागतं ते पाहिलं. साइट सुरू झाली की महिना-दोन महिन्यांत एक फोन हमखास येतो. "सर, तुमची साइट गूगलवर दिसतच नाहीये. पंधरा हजार द्या, तीस दिवसांत पहिल्या पानावर आणतो. गॅरंटी." पंधरा हजार म्हणजे नव्या धंद्याला काही थोडी रक्कम नाही. पण आज मला पैशांबद्दल बोलायचं नाही. पहिल्या पानावर आणायला तो माणूस तुमच्या साइटमध्ये नेमकं काय करणार, आणि ते पकडलं गेलं तर भोगणार कोण, हे समजून घ्यायचं आहे.

उदाहरणाला वालूर घेऊ. परभणी जिल्ह्यातलं, सेलू तालुक्यातलं गाव. समजा तुम्ही तिथे लाकडी घाणा टाकला आहे. करडईचं आणि शेंगदाण्याचं तेल काढता. गावात आणि सेलूच्या बाजारात खप आहे, आता पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला कुरिअरने पाठवायचं आहे. म्हणून साइट.

आता वालूर हे नाव लोक गूगलवर कशासाठी शोधतात? तेलासाठी नाही. बारवेसाठी. गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची वालूरची बारव गावकऱ्यांनी श्रमदानाने साफ केली, तिचे वरून काढलेले फोटो सगळीकडे फिरले, आणि लांबलांबची माणसं ती बघायला यायला लागली. फोनवाल्या एजंटाच्या डोक्यात लगेच दिवा पेटतो. तो म्हणतो, "वालूर बारव असं शोधणारे सगळे आपल्या साइटवर आणू."

कसे आणणार? गूगलचा एक प्रोग्राम आहे, त्याला गूगलबॉट म्हणतात. तो साइटवर येऊन पानं वाचतो आणि नोंद करून जातो. येताना तो स्वतःची ओळख सांगतो. एजंट तुमच्या साइटमध्ये चार ओळींचा कोड घालतो. येणारा गूगलबॉट असेल तर त्याला बारवेची माहिती असलेलं लांबलचक पान द्यायचं, आणि माणूस असेल तर थेट तेलाच्या ऑर्डरचं पान उघडायचं. गूगलला वाटतं इथे बारवेची चांगली माहिती आहे, म्हणून ते पान वर दाखवतं. माणूस क्लिक करतो आणि त्याच्यासमोर येते तेलाची बाटली.

यालाच क्लोकिंग म्हणतात. क्लोक म्हणजे अंगावर ओढून घ्यायचा झगा. वजनमापाचा साहेब तपासायला आला की खरा काटा पुढे करायचा आणि गिऱ्हाइकाला मोजून देताना दुसरा, तसलाच हा प्रकार. दुकानात असं कुणी केलं तर आपण त्याला काय म्हणतो ते सांगायची गरज नाही. कॉम्प्युटरवर केलं की मात्र त्याला "टेक्निक" म्हणतात.

गूगलच्या स्पॅमविषयक नियमांत क्लोकिंग नावानिशी आहे. व्याख्या साधी आहे: शोधातली जागा वर नेण्यासाठी आणि वाचणाऱ्याची दिशाभूल करण्यासाठी सर्च इंजिनला एक मजकूर आणि माणसाला दुसरा मजकूर दाखवणं. यात हेतू महत्त्वाचा आहे, तो लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

मोठ्यांचं काय झालं

"सगळेच करतात हो" हे एजंटाचं आवडतं वाक्य. करतात खरे काही जण. पण त्यांचं काय झालं तेही बघा.

फेब्रुवारी २००६ मध्ये गूगलने बीएमडब्ल्यूची जर्मन साइट आपल्या शोधातून काढून टाकली. त्या साइटवर वापरलेल्या गाड्यांबद्दलचे शब्द ठासून भरलेली पानं होती. ती गूगलने वाचायची, पण माणूस तिथे पोचला की कोड त्याला लगेच दुसऱ्याच पानावर ढकलायचा. गूगलचे मॅट कट्स यांनी ही कारवाई उघडपणे जाहीर केली. कंपनीने ती पानं काढली आणि काही दिवसांत साइट परत आली.

इथेच बरेच जण चुकीचा धडा घेतात. म्हणतात, बघा, काही दिवसांत परत आली की! अहो, ती बीएमडब्ल्यू आहे. गूगलवर ती दिसली नाही तर लोक गूगललाच नावं ठेवतील. वालूरचा घाणा गूगलवरून गायब झाला तर पुण्यातल्या गिऱ्हाइकाला कळणारसुद्धा नाही की काही गायब झालं. तो दुसऱ्या घाण्यावरून तेल मागवेल. आणि हे दिवाळीच्या आधीच्या महिन्यात झालं, तर फराळाच्या तेलाचा सगळा हंगाम गेला. मोठ्याला जे खरचटतं, त्याने लहान माणसाचं हाड मोडतं.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या जेसी पेनी या दुकानांच्या साखळीचं. हे क्लोकिंगचं नाही, दुसऱ्या साइटवर पेरलेल्या नकली लिंकचं आहे, पण आपल्या कामाचं आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ते बाहेर काढलं. कंपनी म्हणाली, आम्ही हे करायला सांगितलंच नव्हतं, आम्हाला माहीतही नव्हतं. ज्या एजन्सीकडे काम होतं तिला काढलं. तरी गूगलवरची घसरण जेसी पेनीचीच झाली. एजन्सी कुणाची, कोड कुणी लिहिला, पैसे कुणाला दिले, हे गूगल विचारत नाही. पत्ता ज्याचा, शिक्षा त्याची.

आणि गूगलने स्वतःलाही सोडलं नाही. जानेवारी २०१२ मध्ये क्रोम ब्राउझरच्या जाहिरातीसाठी पैसे देऊन लिहून घेतलेल्या मजकुरात नियमाबाहेरची लिंक सापडली, तेव्हा गूगलने क्रोमचंच पान निदान ६० दिवसांसाठी खाली ढकललं. आपल्याच पानाला दोन महिने खाली ठेवणारी कंपनी तुमच्या-माझ्या साइटचा मुलाहिजा ठेवेल असं वाटतं का?

आपल्याकडे हे कोर्टातही गेलेलं आहे

महाराष्ट्रातलं एक प्रकरण मुद्दाम सांगतो, कारण त्यात शिक्षा गूगलची नव्हती. शादी डॉट कॉम ही मुंबईची कंपनी चालवते ती लग्न जुळवणारी साइट. तिच्याशी मिळतंजुळतं नाव घेऊन दुसरी एक साइट निघाली. तिने शादी डॉट कॉमचं नाव आपल्या पानांच्या मेटा टॅगमध्ये घातलं. मेटा टॅग म्हणजे पानाच्या कोडमधला असा मजकूर, जो सर्च इंजिन वाचतं पण वाचकाला पानावर दिसत नाही. म्हणजे पुन्हा तेच: यंत्राला एक सांगायचं, माणसाला ते कळू द्यायचं नाही. आपल्याकडे येणारे सुमारे दहा टक्के लोक अशा मार्गाने तिकडे वळले, असं शादी डॉट कॉमने मांडलं. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मनाई हुकूम दिला आणि हे दुसऱ्याची इंटरनेटवरची गिऱ्हाइकं पळवणं आहे असं मानलं.

म्हणून शेजारच्या तालुक्यातल्या नावाजलेल्या घाण्याचं नाव आपल्या साइटमध्ये कुठेतरी दडवून ठेवू, असा सल्ला कुणी दिला तर गूगलची भीती बाजूलाच ठेवा, वकिलाची नोटीस येऊ शकते. गंमत म्हणजे या युक्तीचा उपयोगही शून्य. कीवर्डचा मेटा टॅग क्रमवारीसाठी आपण बघतच नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं आहे. तरी आजही काही जण त्याचे पैसे लावतात. बिलात "मेटा कीवर्ड" असं दिसलं तर तेवढे पैसे कापून घ्या!

तुमच्या साइटवर हे कुठल्या रूपात येतं

लहान साइटवर क्लोकिंग क्वचितच वरच्या बारवेच्या उदाहरणाइतकं उघड असतं. माझ्या मते तीन वाटांनी ते घरात शिरतं.

पहिली वाट जाहिरातीच्या चित्राची. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर फिरवायला सेलूतल्या नाहीतर परभणीतल्या डीटीपीवाल्याकडून एक छान रंगीत जाहिरात करून घेतात. तेच चित्र साइटवर लावतात, की झालं पान! माणसाला सगळं वाचता येतं, पण गूगलला त्यातलं फारसं उमगत नाही. मग एजंट त्या चित्रामागे पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात हजार शब्द भरतो: करडई तेल परभणी, करडई तेल पुणे, करडई तेल स्वस्त. हा लपवलेला मजकूर. नियमात तोही स्पॅमच. यावरचा उपाय फुकट आहे. चित्रातली माहिती चित्राखाली साध्या अक्षरांत लिहा, सगळ्यांना दिसेल अशी. तेल कसं काढता, किती लिटरची बाटली, किंमत, कुरिअरचा खर्च, फोन नंबर.

इथे एक मराठी गोम आहे. डीटीपीवाला मजकूर बहुतेकदा श्रीलिपी किंवा कृतीदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये देतो. तो तसाच साइटवर टाकला आणि तोच फॉन्ट साइटला जोडला, तर माणसाला शुद्ध मराठी दिसतं आणि गूगलला मात्र निरर्थक इंग्रजी अक्षरांची खिचडी. यात फसवायचा हेतू नाही, त्यामुळे मी याला क्लोकिंग म्हणणार नाही. पण तुमच्या मराठी पानाचा एक शब्दही शोधात सापडत नाही, याचं कारण कितीदा तरी एवढंच असतं. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतर करून मागा. ओळखायची खूण सोपी: साइटवरचं एक वाक्य कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. मराठीच दिसलं तर ठीक. एजंटला पंधरा हजार द्यायच्या आधी हे करून बघा, बरं का.

दुसरी वाट गावांच्या नावांची. "करडई तेल पुणे", "करडई तेल नाशिक", "करडई तेल ठाणे" अशी चाळीस पानं, मजकूर तोच, फक्त शहर बदललेलं, आणि सगळी शेवटी एकाच ऑर्डर पानावर नेणारी. यांना डोअरवे पानं म्हणतात, म्हणजे नुसती दारं, आत खोली एकच. बीएमडब्ल्यूची ती पानं याच जातीची होती. याचंच भावंडं म्हणजे गूगल मॅपवर पुण्याचा खोटा पत्ता टाकणं. ते प्रोफाइल निलंबित होतं, आणि त्यासोबत तिथे जमवलेले खरे अभिप्रायही हातचे जाऊ शकतात. तुम्ही वालूरचे आहात, तर वालूरच लिहा. घाण्याचं तेल घेणारा पुणेकर कोथरूडचा घाणा शोधत नसतो. त्याला गावाकडचाच हवा असतो. तुमचा खरा पत्ता हीच इथे तुमची जमेची बाजू आहे, आणि लोक तीच लपवायला निघतात.

तिसरी वाट सगळ्यात वाईट, कारण तिच्यात तुम्हाला पत्ताच नसतो. साइट हॅक होते आणि हॅकर तुमच्या नावावर क्लोकिंग करतो. तुम्ही पत्ता टाइप करून साइट उघडली तर सगळं जागच्या जागी. पण गूगलच्या निकालावरून क्लिक करून येणाऱ्याला सट्ट्याच्या किंवा रमीच्या साइटवर पाठवलं जातं. हे कुणाच्याही बाबतीत होतं. मे २०२४ मध्ये टेकक्रंच या तंत्रज्ञानाच्या बातम्या देणाऱ्या साइटने दाखवलं की गोव्यासह काही राज्यांच्या सरकारी साइटवरच्या लिंक ऑनलाइन सट्ट्याकडे नेत आहेत. सरकारी साइटचं असं होतं, तर आपली काय कथा. लहान साइटवर हा किडा बहुतेक वेळा "पैशाची थीम फुकटात" देणाऱ्यांकडून येतो. चोरीची थीम आणि चोरीचे प्लगइन टाळा. साधी फुकट थीम घ्या, पण अधिकृत ठिकाणाहून.

काय चालतं

घाबरून सगळंच बंद करू नका. मोबाइलवर मांडणी वेगळी आणि कॉम्प्युटरवर वेगळी असली तरी ते क्लोकिंग नव्हे. "अधिक वाचा" दाबल्यावर उघडणारा मजकूर चालतो. मराठी आणि इंग्रजी अशी दोन पानं ठेवली तर उत्तमच. फक्त एक सांभाळा: येणारा कुठल्या देशातून आला ते बघून त्याला जबरदस्तीने एखाद्या भाषेच्या पानावर ढकलू नका. गूगलबॉट बहुतेकदा अमेरिकेतून येतो, त्याला तुमचं मराठी पान कधी दिसणारच नाही. भाषा बदलायचं बटण द्या आणि निवड वाचणाऱ्यावर सोडा.

किंमतीबाबत मात्र कडक राहा. गूगलला सांगितलेल्या माहितीत एक भाव आणि पान उघडल्यावर दुसरा, किंवा पानावर कुठेही नसलेले पाच तारे शोधात दिसतील असा कोड, हे गूगलच्या नियमात तर बसत नाहीच. शिवाय केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'बद्दल मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली आहेत. एक दाखवून दुसरं गळ्यात मारणं त्यात येतं, आणि पैसे भरायच्या क्षणी किंमत वाढवणंही. इथे गिऱ्हाईक तक्रार करू शकतं.

बारवेचं काय करायचं मग?

वालूर बारव शोधणाऱ्यांना आपल्याकडे आणायचं नाही का? आणा की. बारवेवर खरं पान लिहा. सेलू स्टेशनवर उतरून कसं यायचं, गाडी कुठे लावायची, कुठल्या वेळी उजेड चांगला असतो, पावसाळ्यात पायऱ्या किती निसरड्या होतात, जवळपास चहा-नाश्ता कुठे मिळतो. तुम्ही गावात राहता, तुमच्याइतकं हे कुणाला माहीत? फोटो स्वतः काढा. पानाच्या शेवटी एक ओळ: आमचा घाणा गावातच आहे, येऊन बघा. गूगल जे वाचेल तेच माणूस वाचेल. दहा जण बारव बघायला आले आणि त्यातल्या दोघांनी तेल नेलं, तर ते दोघं घरी जाऊन पुन्हा मागवतील. फसून आलेले शंभर जण मात्र तीन सेकंदांत परत जातात, आणि जाताना तुमचं नाव लक्षात ठेवतात तेही वाईट कारणासाठी.

तेलाच्या पानावरही असंच. करडई कुठल्या शेतातली, वाण कुठला, बी कधी घेतलं, घाण्याला एका वेळी किती माल लागतो, पेंडीचं काय करता. 'परभणी कुसुम' हा करडईचा वाण परभणीच्या कृषी विद्यापीठाचाच. तुमच्या शेतकऱ्याने तोच पेरला असेल तर ते लिहा. पेरला नसेल तर लिहू नका.

फोनवर काय विचारायचं

एजंट वाईटच असतात असं नाही. चांगले लोकही आहेत. पण काम देण्याआधी पुढचं विचारा. साइटवर नेमके कुठले बदल करणार ते लेखी द्याल का? गूगलला आणि माणसाला दिसणारं पान एकच राहील ना? लिंक कुठून आणणार? डोमेन, होस्टिंग आणि सर्च कन्सोल हे तिन्ही माझ्या नावावर, माझ्या ईमेलवर राहतील ना? शेवटच्या प्रश्नाला "ते आमच्याकडे असू द्या सर, तुम्हाला कशाला त्रास" असं उत्तर आलं तर फोन ठेवा. दुकानाची किल्ली कुणी अशी देतं का? आणि पहिल्या नंबरची गॅरंटी देणाऱ्याबद्दल तर गूगलने स्वतःच सांगून ठेवलं आहे की अशी हमी कुणीही देऊ शकत नाही.

सर्च कन्सोल हे गूगलचं फुकट साधन आहे. साइटला दंड लागला तर त्याची सूचना तिथेच येते, "मॅन्युअल ॲक्शन्स" या भागात. ते उघडलंच नसेल तर विक्री का थांबली हे तुम्हाला कळणार नाही. मात्र एक गोष्ट माहीत असू द्या: ही सूचना तेव्हाच येते जेव्हा गूगलच्या माणसाने तपासून कारवाई केलेली असते. यंत्रणेने आपोआप खाली ढकललं तर कसलाच निरोप येत नाही.

महिन्यातून एकदा दहा मिनिटं काढून हे करा. सर्च कन्सोलमध्ये "यूआरएल इन्स्पेक्शन"मध्ये तुमच्या पानाचा पत्ता टाका आणि "व्ह्यू क्रॉल्ड पेज" उघडा. गूगलने वाचलेलं पान तिथे दिसतं. ते आणि तुमच्या मोबाइलवर दिसणारं पान शेजारी ठेवून बघा. मग गूगलच्या शोधात इंग्रजीत साइट हा शब्द, कोलन, आणि लगेच जागा न सोडता तुमचा पत्ता टाइप करा. तुमची पानं येतील. त्यात तुम्ही न लिहिलेलं काही, औषधं, सट्टा, परकी लिपी, असं दिसलं तर साइट हॅक झाली आहे. शेवटी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवरून, गूगलमध्ये शोधून, निकालावर क्लिक करून साइट उघडा. नेहमी थेट पत्ता टाकून उघडणाऱ्या मालकाला हॅकरची करामत दिसत नाही, म्हणून हे.

दंड लागलाच तर

आधी दुरुस्ती, मग अर्ज. लपवलेला मजकूर, वळवणारा कोड, डोअरवे पानं, सगळं काढा. सूचनेत एखाद-दुसरं पान उदाहरण म्हणून दिलेलं असतं, तेवढंच काढून थांबू नका. साइट हॅक झाली असेल तर सगळे पासवर्ड बदला आणि संशयास्पद थीम-प्लगइन काढून टाका. मग सर्च कन्सोलमधूनच "रिकन्सिडरेशन रिक्वेस्ट" म्हणजे फेरविचाराचा अर्ज पाठवा. त्यात काय चुकलं होतं, काय काय काढलं आणि आता साइट कशी आहे, हे सरळ लिहा. एजंटने केलं असेल तर तसं लिहा, पण रडगाणं नको. या अर्जाला फी नसते, "गूगलमध्ये ओळख आहे, दंड काढून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. उत्तराला काही दिवस ते काही आठवडे लागतात. तोवर तोच अर्ज पुन्हा पुन्हा पाठवू नका. आणि या काळात जुन्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर कळवा की ऑर्डर फोनवर चालू आहे.

पुढच्या व्हिडिओत गूगल बिझनेस प्रोफाइल: गावातला पत्ता नीट कसा टाकायचा आणि दुकान नसून घरूनच धंदा असेल तर काय करायचं.